शेजार सोडणाऱ्या पेशी

(रेडिओवर झालेल्या भाषणाचा संपादित भाग)



एका जिल्ह्याच्या गावी शस्त्रक्रिया करण्यात माझी तीसएक वर्षं गेली. या काळात मला सर्वांत जास्त वेळा विचारला गेलेला प्रश्न कोणता, असं कुणी विचारलं तर मला आठवावं लागणार नाही. 'डॉक्टर, कॅन्सरला सुरी लावली की तो पसरतो म्हणतात. खरं का?' हाच तो प्रश्न. शिकलेले विचारतात, न शिकलेले विचारतात. काही जण विचारतही नाहीत, नुसतंच 'घरी विचारून येतो' म्हणून जातात आणि सहा महिन्यांनी येतात. आज या प्रश्नाचं उत्तर द्यायचा प्रयत्न करणार आहे. पण त्याआधी एक गोष्ट सांगतो, कारण हे उत्तर एका बाईंना देण्याचं माझ्याकडून वीस वर्षं राहून गेलं होतं.

१९९६ सालची गोष्ट. एस.टी.त ड्रायव्हर असलेले एक गृहस्थ माझ्याकडे आले. वय सत्तेचाळीस. जिभेच्या डाव्या कडेला शेंगदाण्याएवढी जखम, ती भरत नव्हती. पंचवीस वर्षं तंबाखू-चुना मळून दाढेत धरायची सवय. दाताचा कंगोरा लागला असेल म्हणून दोन महिने हळद-तूप लावून झालं होतं. मी तुकडा काढून तपासायला पाठवला, कॅन्सर निघाला. बरोबर पत्नी होती, मेहुणे होते. सुरीचा प्रश्न निघाला. मी म्हटलं, तसं काही नसतं, लवकर आलात, ऑपरेशन करून टाकू. त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला.

ऑपरेशन चांगलं झालं. जखमेच्या चारही बाजूंना निरोगी भाग ठेवून मी ती काढली. मान चाचपून पाहिली, कुठेही गाठ लागली नाही. अशा वेळी मानेतल्या ग्रंथी काढायच्या की नाही, यावर त्या काळी सर्जनांमध्ये एकमत नव्हतं. काही जण काढत, पुष्कळसे 'गाठ आली तर काढू, तोवर नजर ठेवू' म्हणत. मी दुसऱ्यांपैकी होतो. त्यांना सांगितलं, दर महिन्याला दाखवायला या. चार महिने ते न चुकता आले. मग मुलीचं लग्न, ड्यूटी, अशा कारणांनी खंड पडला. आठव्या महिन्यात आले तेव्हा जबड्याखाली लिंबाएवढी गाठ होती. मग मानेचं मोठं ऑपरेशन, त्यानंतर 'शेक', म्हणजे किरणोपचार. दीड वर्षानंतर ते गेले.

त्यांच्या पत्नी कागदपत्रांवर सही घ्यायला आल्या होत्या. जाता जाता दारात थांबून म्हणाल्या, "डॉक्टर, खरं सांगा. सुरी लावली म्हणूनच पसरलं न्हवं?" मी नाही म्हटलं. पण मग कशामुळे पसरलं, हे त्यांना समजेल असं मला सांगता आलं नाही. त्या मान हलवून निघून गेल्या. त्यांना ते पटलं नव्हतं, हे मला कळत होतं.

आता मुळापासून सुरुवात करू.

आपल्या गालाच्या आतून जीभ फिरवून बघा. मऊ, ओलं अस्तर लागतं. हे अस्तर म्हणजे एकमेकींना चिकटून बसलेल्या पेशींचे थर. या पेशींचं वागणं जुन्या वाड्यातल्या बिऱ्हाडांसारखं असतं. प्रत्येकीला आपली जागा ठाऊक असते, वरची बाजू कोणती नि खालची कोणती हे ठाऊक असतं. शेजारणीचा हात धरलेला असतो. शेजारीण दाटीने बसली असेल तर ही वाढत नाही, जागा रिकामी झाली तरच वाढते. या सगळ्या थरांच्या खाली एक अतिशय पातळ पडदा असतो. त्याला आपण तळपडदा म्हणू. अस्तरातल्या पेशीने हा पडदा ओलांडायचा नाही, हा शरीराचा नियम आहे. पडद्याच्या पलीकडे मांस आहे, रक्तवाहिन्या आहेत आणि लसिकावाहिन्या आहेत. म्हणजे बाहेरगावी जाणारे रस्ते आहेत.

शेजारणीचा हात धरायचा म्हणजे नेमकं काय, हेही आता ठाऊक झालं आहे. जपानमधल्या क्योटोचे मासातोशी ताकेइची यांना १९७७ च्या सुमारास असं आढळलं, की पेशींच्या एका प्रकारच्या चिकटण्याला कॅल्शियम लागतं. कॅल्शियम काढून घेतलं की पेशी सुट्या होतात. हे काम करणाऱ्या प्रथिनाला त्यांनी पुढे कॅडहेरिन असं नाव दिलं. अस्तरातल्या पेशींत असतं ते ई-कॅडहेरिन. झंपरच्या प्रेस बटणांसारखं ते काम करतं. एका पेशीच्या अंगावर एक अर्धं, शेजारणीच्या अंगावर दुसरं अर्धं, आणि दोन्ही एकमेकांत बसलेली.

आणखी एक नियम आहे. अस्तरातली पेशी चुकून आपल्या जागेवरून सुटली, तळपडद्याचा आधार गेला, तर ती जगत नाही. ती स्वतःच स्वतःला संपवते. शास्त्रज्ञांनी या मरणाला १९९४ साली एक ग्रीक नाव दिलं, 'अनॉयकिस'. त्याचा अर्थ बेघरपण. घर सुटलं की मरण, इतका हा कायदा कडक आहे. तो कडक आहे म्हणूनच आपल्या शरीरात रोज अब्जावधी पेशी झडत असूनही त्या भलत्या ठिकाणी जाऊन रुजत नाहीत.

आता कॅन्सर म्हणजे काय, तर सर्वांना वाटतं, पेशींची बेसुमार वाढ. हे खरं आहे, पण अर्धंच. नुसती वाढ तर चरबीच्या गाठीतही असते. पाठीवर लिंबाएवढी चरबीची गाठ घेऊन माणसं वर्षानुवर्षं हिंडतात, काही बिघडत नाही. कॅन्सरला कॅन्सरपण येतं ते त्याच्या पेशी जागा सोडतात म्हणून. कॅन्सरने होणारे बहुतेक मृत्यू मूळ जागच्या गाठीने होत नाहीत, पसरलेल्या रोगाने होतात.

मग एक कोडं उभं राहतं. जी पेशी जन्मभर एका जागी बसून होती, तिला चालायला शिकवलं कुणी?

उत्तर असं की कुणी शिकवलं नाही. तिला ते येतच होतं. आपण आईच्या पोटात काही आठवड्यांचे असताना आपल्या पेशी सारख्या प्रवास करत होत्या. पाठीच्या कण्याच्या जागी ज्या पेशी असतात, त्यांतल्या काही आपली ओळ सोडतात, लांबट होतात आणि चालत चालत दूर जातात. त्यांच्यापासून चेहऱ्याची पुष्कळशी हाडं होतात, कातडीला रंग देणाऱ्या पेशी होतात, आतड्यातल्या नसा होतात. मुक्कामाला पोचल्या की त्या स्थिरावतात. पुढे मोठेपणी कुठे जखम झाली, तर जखमेच्या काठावरच्या पेशी थोड्या सैल होऊन पुढे सरकतात, जखम झाकली गेली की पुन्हा शेजाऱ्यांचा हात धरतात. म्हणजे चालण्याची विद्या प्रत्येक पेशीच्या बाडबिस्तऱ्यात बांधून ठेवलेली आहे. एरवी तिची गाठ सोडायची नसते, इतकंच.

अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठातल्या एलिझाबेथ हेय यांनी कोंबडीच्या अंड्यातल्या गर्भावर काम करताना हा बदल बारकाईने पाहिला. १९८२ साली त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्याने डोळ्याच्या भिंगावरचा पेशींचा थर कोलॅजेनच्या जेलीत ठेवला. एरवी शिस्तीत बसलेल्या त्या पेशी थर सोडून निघाल्या, चौकोनीच्या लांबट झाल्या आणि जेलीतून चालू लागल्या. आजूबाजूची परिस्थिती बदलली, तर स्थिर पेशी चालती होऊ शकते, हे त्या प्रयोगाने दिसलं.

हा बदल घडवून आणणारे काही मुकादम असतात. ते म्हणजे काही जनुकं. त्यांतल्या एकाचं नाव 'स्नेल', म्हणजे गोगलगाय. फळांवर बसणाऱ्या चिलटात ते आधी सापडलं, म्हणून नाव असं गमतीचं. २००० साली असं दाखवून दिलं गेलं, की हे जनुक जागं झालं की ई-कॅडहेरिन बनणं थांबतं. प्रेस बटणं तुटतात. मग पेशीचा आतला सांगाडा बदलतो. ती पुढच्या बाजूला पाय काढल्यासारखी पसरते आणि मागची बाजू ओढून घेते. काही पाचक रस सोडून ती तळपडद्याला भोक पाडते. आणि बेघर झाल्यावर मरायचं, हा कायदाही ती पाळेनाशी होते.

ही बटणं किती मोलाची आहेत, याचा एक पुरावा न्यूझीलंडमध्ये मिळाला. तिथल्या एका माओरी कुटुंबात पिढ्यान्‌पिढ्या तरुण माणसं जठराच्या कॅन्सरने दगावत होती. १९९८ साली कारण सापडलं. त्या घरात ई-कॅडहेरिनचं जनुकच जन्मतः बिघडलेलं होतं. त्या कॅन्सरमध्ये एक मोठी गाठ होत नाही. सुट्या सुट्या पेशी जठराच्या भिंतीत विखरून शिरत जातात, कारण एकमेकींना धरून ठेवायचं साधनच अपुरं असतं.

मात्र इथे एक खुलासा केला पाहिजे. कॅन्सरच्या सगळ्याच पेशी असं पूर्ण रूप पालटून एकेकट्या निघतात, असं नाही. २०१५ साली उंदरांवर झालेल्या दोन अभ्यासांत असं दिसलं, की पूर्ण रूपांतर न होताही रोग पसरू शकतो. पुष्कळदा पेशी अर्धवट बदलतात. थोडं चालणं शिकतात, थोडा शेजारणीचा हात धरून ठेवतात आणि घोळक्याने निघतात. हा अर्धवटपणाच जास्त घातक असावा, असं आता पुष्कळ शास्त्रज्ञांना वाटतं. आपल्याकडे बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत मोहित जॉली आणि त्यांचे सहकारी याच मधल्या अवस्थेचं गणित मांडण्याचं काम करतात.

तोंडाच्या कॅन्सरबद्दल तर फार नेमकी माहिती २०१७ साली हाती आली. अमेरिकेत बॉस्टनच्या संशोधकांनी डोक्या-मानेच्या भागात कॅन्सर झालेल्या अठरा रुग्णांच्या सुमारे सहा हजार पेशी एकेक सुटी करून वाचल्या. वाचल्या म्हणजे कोणत्या पेशीत कोणती जनुकं जागी आहेत, ते पाहिलं. त्यांना काय दिसलं? गाठीच्या मध्यभागातल्या पेशी बऱ्याचशा जुन्या वळणाच्या होत्या. अर्धवट बदललेल्या पेशी होत्या त्या गाठीच्या काठावर, जिथे ती निरोगी मांसात घुसते तिथे. आणि ज्या रुग्णांत अशा पेशींच्या खुणा जास्त, त्यांच्या मानेतल्या ग्रंथींत रोग पोचलेला असण्याची शक्यताही जास्त.

आता मानेतल्या ग्रंथी म्हणजे काय, ते आपल्याकडे खेड्यातही ठाऊक असतं, फक्त नाव वेगळं. पायाला ठेच लागून ती पिकली की जांघेत गाठ येते, तिला आपण 'अवधान आलं' म्हणतो. जखमेतला कचरा, जंतू लसिकेबरोबर वाहत येतात आणि या ग्रंथींच्या नाक्यावर अडवले जातात, म्हणून ती सुजते. पायाचा नाका जांघेत, स्तनाचा काखेत, आणि जिभेचा, गालाचा, हिरडीचा नाका मानेत. जीभ हा सतत हलणारा स्नायू, त्यात लसिकावाहिन्यांचं दाट जाळं. तळपडदा ओलांडलेल्या पेशीला मानेचा रस्ता लांब नसतो.

रस्ता लांब नसला तरी प्रवास सोपा नसतो, हेही सांगितलं पाहिजे. अमेरिकन संशोधक आयझाया फिडलर यांनी १९७० साली उंदरांच्या रक्तात कॅन्सरच्या पेशी सोडल्या. त्या पेशींना किरणोत्सारी खूण केलेली होती, त्यामुळे त्या कुठे जातात ते मोजता येत होतं. चोवीस तासांनी शंभरांतली एकही धड जिवंत उरली नव्हती. नवी गाठ धरणाऱ्या तर हजारात एकीपेक्षाही कमी. रक्ताचा जोर, पांढऱ्या पेशींचा पहारा, अनोळखी मुलूख, यांत बहुतेक सगळ्या संपतात.

आणि ज्या उरतात, त्याही वाटेल तिथे रुजत नाहीत. १८८९ साली लंडनचे एक सर्जन स्टीफन पॅजेट यांनी स्तनाच्या कॅन्सरने दगावलेल्या ७३५ स्त्रियांच्या नोंदी तपासल्या. यकृतात रोग वारंवार पोचला होता, प्लीहेत मात्र क्वचित. रक्त तर दोन्हीकडे जातं. मग हा फरक का? त्यांनी म्हटलं, ही बी आणि जमिनीची गोष्ट आहे. हे आपल्या शेतकऱ्याला समजावून सांगायला नको. बी उडून चहूकडे पडतं, पण उगवतं ते जिथे वाफसा असेल तिथेच. मुक्कामी पोचलेली पेशी तिथे पुन्हा आपलं रूप बदलते. चालणं सोडते, शेजार धरते, बिऱ्हाड थाटते. जाताना ज्या बटणांचा त्रास होत होता, ती पुष्कळदा ती पुन्हा लावून घेते. मग ती वाढायला लागते. ती वाढून आपल्या बोटांना लागेल एवढी गाठ व्हायला महिने जातात, कधी वर्षं जातात.

आता त्या ड्रायव्हरच्या पत्नींच्या प्रश्नाकडे येतो. मानेतली गाठ मला ऑपरेशननंतर आठव्या महिन्यात लागली. पण लिंबाएवढी गाठ एका रात्रीत होत नाही. तिची पहिली पेशी मानेत पोचली तेव्हा त्यांनी माझ्या दवाखान्याची पायरीही चढली नसणार. हळद-तूप लावत होते त्या दोन महिन्यांत, किंवा त्याही आधी, जिभेच्या काठावरच्या काही पेशींनी शेजार सोडला होता. मी मान चाचपली तेव्हा त्या तिथे होत्या. माझ्या बोटांना त्या लागल्या नाहीत, कारण बोटांना कोट्यवधी पेशींचा ढीग लागतो, शे-दोनशे लागत नाहीत.

गाठ ऑपरेशननंतर दिसली, म्हणून ती ऑपरेशनमुळे आली असं वाटलं. बहुतेक घरांत 'सुरी लावली आणि पसरलं' ही जी हकिगत सांगितली जाते, तिचं मूळ या अदृश्य महिन्यांत आहे.

पण सुरीने पसरलं नाही, एवढं म्हणून माझी सुटका होत नाही. मी नजर ठेवायला सांगितलं, ते बरोबर होतं का?

याचं उत्तर मुंबईतच मिळालं. परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात २००४ ते २०१४ या काळात डॉ. अनिल डिक्रूझ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तोंडाच्या सुरुवातीच्या कॅन्सरच्या रुग्णांवर एक चाचणी केली. सगळ्यांच्या माना चाचपताना मोकळ्या होत्या. चिठ्ठ्या टाकाव्यात तशा पद्धतीने त्यांचे दोन गट केले. एका गटात तोंडाच्या ऑपरेशनबरोबरच मानेतल्या ग्रंथी काढल्या. दुसऱ्या गटात नजर ठेवली आणि गाठ आली तरच मानेचं ऑपरेशन केलं. पाचशे रुग्णांचा हिशेब २०१५ साली प्रसिद्ध झाला. ग्रंथी आधीच काढलेल्या २४५ जणांपैकी ८१ जणांत रोग परतला होता. नजर ठेवलेल्या २५५ जणांपैकी १४६ जणांत. तीन वर्षांनी पहिल्या गटातले शंभरातले ऐंशी जिवंत होते, दुसऱ्या गटातले साडेसदुसष्ट. म्हणजे दर आठ माणसांमागे एक जीव. हा वाद जगभर पन्नासएक वर्षं चालू होता, तो आपल्या तंबाखू खाणाऱ्या मुलखातल्या रुग्णांनी मिटवला.

तो लेख वाचला त्या रात्री मला झोप लागली नाही. १९९६ साली हे कुणालाच नक्की ठाऊक नव्हतं, हे खरं आहे. मानेच्या ऑपरेशनने खांदा दुखतो, हात वर करायला त्रास होतो, तो त्रास विनाकारण का द्या, हा आमचा विचारही खोटा नव्हता. तरी डोळ्यांसमोर ते ड्रायव्हर येत राहिले. आता तुकड्याची तपासणी करताना जखम किती लांब-रुंद आहे एवढंच पाहत नाहीत, ती किती मिलिमीटर खोल गेली आहे तेही मोजतात. पेशी खाली किती शिरल्या, यावरून त्या किती दूर गेल्या असतील याचा अंदाज येतो.

आणि सुरीची भीती? ती अगदीच वेड्यासारखी आहे, असं मी म्हणणार नाही. ऑपरेशनच्या वेळी गाठीला हात लागतो, काही पेशी सुटून रक्तात जात असतील. पण गाठ जागेवर राहू दिली तर ती हेच काम रोज, रात्रंदिवस, महिनोन्‌महिने करत राहते. तेव्हा उपाय ऑपरेशन टाळणं हा नाही, ऑपरेशन अधिक सांभाळून करणं हा आहे. टाटा मेमोरियलच्याच डॉ. राजेंद्र बडवे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्तनाच्या कॅन्सरमध्ये हे करून पाहिलं. देशातल्या अकरा केंद्रांत, सुमारे सोळाशे स्त्रिया. त्यांतल्या निम्म्यांना गाठ काढायच्या सात ते दहा मिनिटं आधी गाठीभोवती भुलीचं औषध टोचलं. दात काढताना हिरडीत देतात ते साधं लिग्नोकेनच. पेशीच्या कवचात सोडियमची ये-जा करणारी दारं असतात, ती हे औषध काही काळ बंद करतं. कॅन्सरच्या पेशींचं चालणं या दारांवर थोडंफार अवलंबून असतं, असं प्रयोगशाळेत दिसलेलं होतं. २०२३ साली निकाल आला. पाच वर्षांनी औषध टोचलेल्या गटात शंभरातल्या नव्वद जणी हयात होत्या, न टोचलेल्या गटात शहाऐंशी. हा निकाल स्तनाच्या कॅन्सरचा आहे, तो तोंडाच्या कॅन्सरला आज जसाच्या तसा लावता येणार नाही. पण काही रुपयांच्या औषधाने इतका फरक पडतो, याचा अर्थ पेशी चालतात कशा हे समजून घेणं ही नुसती पुस्तकी विद्या नाही.

आता गोष्ट पुरी करतो. २०१६ साली एक बाई माझ्याकडे मुलाला घेऊन आल्या. मी ओळखलं नाही. त्यांनीच सांगितलं, अमक्या ड्रायव्हरांच्या घरचे आम्ही. मुलगा अठ्ठावीस वर्षांचा. गुटख्यावर राज्यात २०१२ साली बंदी आली, तरी त्याला तो टपरीवर मिळत होता. गालाच्या आत रुपयाएवढा पांढरा चट्टा. मी तुकड्याचं बोलायच्या आधी त्याच म्हणाल्या, "तुकडा काढा. वाट बघायची न्हाई आता."

तुकड्यात कॅन्सर नव्हता. पेशींची रांग बिघडू लागली होती, काही वाकड्यातिकड्या झाल्या होत्या, पण तळपडदा शाबूत होता. कुणी शेजार सोडून निघालेलं नव्हतं. चट्टा काढून टाकला. गुटखा सुटायला त्याला तीनदा प्रयत्न करावे लागले.

त्या दिवशी मी त्या बाईंना बसवून घेतलं आणि वीस वर्षांपूर्वीच्या प्रश्नाचं उत्तर दिलं. सुरीने पसरलं नव्हतं, आधीच निघून गेलं होतं, हे सांगितलं. आणि हेही सांगितलं, की आजच्यासारखं ठाऊक असतं तर मी मानेतल्या ग्रंथी तेव्हाच काढल्या असत्या, त्यांनी कदाचित फरक पडला असता. बोलताना माझाच आवाज जड झाला होता. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "म्हंजे तुम्हालाबी तवा ठावं नव्हतं."

मी म्हटलं, "नव्हतं, ताई."

"मग आता ठावं झालंय तर लोकांना सांगा की."

म्हणून रेडिओचं बोलावणं आलं तेव्हा मी हाच विषय घेतला.

श्रोतेहो, तोंडातली कुठलीही जखम तीन आठवड्यांत भरली नाही, पांढरा किंवा लाल चट्टा दिसला, तोंड पूर्वीसारखं उघडेनासं झालं, मानेत न दुखणारी गाठ लागली, तर डॉक्टरांना दाखवा. न दुखणारी म्हणून ती साधी असं समजू नका. मिश्री लावणाऱ्या घरातल्या बायकांनीही महिन्यातून एकदा आरशासमोर उजेडात तोंड उघडून, गाल ओढून बघावं. तुकडा काढायला भिऊ नका. ऑपरेशन झालं असेल तर तपासणीच्या तारखा लग्नकार्यापेक्षा महत्त्वाच्या माना. आणि डॉक्टरांना जरूर विचारा, मानेचं काय करायचं? हा प्रश्न विचारायचा तुम्हाला अधिकार आहे, आणि आता त्याला उत्तरही आहे.

पेशी निघण्यापूर्वी आपल्याला आवाज देत नाही. पण ती ज्या जखमेतून निघते, ती जखम तोंडाच्या बाबतीत तरी आपल्याला दिसत असते, जिभेला लागत असते. पोटातल्या किंवा फुप्फुसातल्या कॅन्सरच्या रुग्णाला ही सवलत नसते. तोंडाच्या रुग्णाला ती आहे. ती वाया घालवू नका, एवढंच सांगायचं होतं.